माडाचे सोयरे

शेजारच्या घराचं आता होमस्टे झालं आहे. गेल्या महिन्यात त्यांनी फाटक रंगवलं, अंगणात लाद्या बसवल्या आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या कुंड्यांत एकेक सायकस आणून ठेवला. सकाळी चहा घेऊन पडवीत बसले की समोर तेच दिसतात. बुटका, खवल्याखवल्यांचा बुंधा आणि वर ताठ, गडद हिरव्या पानांचा गोल घेर. भोवताली आमच्या खाडीकाठचे उंचच उंच माड आपल्या नादात डुलत असतात आणि त्यांच्या पायाशी हे दोघे नवे पाहुणे इस्त्रीचे कपडे घालून आल्यासारखे अंग चोरून बसलेले. उतरायला आलेल्या एका बाईंनी परवा विचारलंही, की या बुटक्या जातीला नारळ कधी धरतात. होमस्टेवाल्यांची सून कामसू आहे. ती काल कुंपणाशी येऊन म्हणाली, "आजी, ह्येंची खालची पानां पिवळी पडतत. काय घालू?" मी म्हटलं, "काय व्हया ता घाल गो, फकत मीठ घालू नको." माडाच्या आळ्यात मीठ, राख आणि मासळीचं खत पडताना बघतच ती लहानाची मोठी झालेली. तिला माझं बोलणं काही उमगलं नाही, आणि मी मात्र एकटीच हसत बसले. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा कळलं की आज मामंजींची आठवण काही मला सोडणार नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे. मी मूळची गिरगावातली. आई लहानपणीच गेली, मामाकडे वाढले. साठ साल नुकतंच मागे पडलं होतं, तेव्हा माझं लग्न ठरलं. मामी म्हणाली, माणसं मालवणकडची आहेत, नारळाला तोटा नाही, आणखी काय हवं. एवढ्या भांडवलावर मी या खाडीकाठी आले. चाळीच्या गॅलरीतली तुळस आणि डब्यात लावलेला मोगरा एवढीच तोवर माझी झाडांशी ओळख. इथे पाहते तो आकाश बघायचं तरी झावळ्यांची परवानगी काढावी लागत होती. लग्नानंतरचे दोनेक महिने मी इथे काढले. सासूबाई आधीच गेलेल्या, घरात चुलत सासूबाई कर्त्या. त्यांना सगळे काकी म्हणत. मामंजी उंच, काळेसावळे, कमरेला पंचा आणि खांद्यावर दुसरा. दिवसभर वाडीत असत. त्यांच्या लेखी माड हे झाड नव्हतंच, घरातलं माणूस होतं. हा उदार, तो हाताचा घट्ट, खाडीकडचा तो वाकडा म्हणजे लहानपणी लाडावलेला. पहाटे बाहेर आले की आधी माडांना हात जोडायचे, मग तुळशीला. माझ्याशी मात्र बोलणं जवळजवळ नाहीच. तेव्हाची रीतच तशी होती, सासऱ्याने सुनेशी बोलायचं तरी काय? 'पाणी ठेव', 'बरा', 'होय' एवढ्यावर आमचं भागायचं. मला त्यांची चक्क भीती वाटायची.

नवऱ्याची नोकरी मुंबईत, म्हणून दोन महिन्यांनी आम्ही तिथे बिऱ्हाड केलं, आणि पुढच्या हिवाळ्यात मामंजी बोटीने आमच्याकडे आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. समोरच्या माणसाचं नाकतोंड दिसेनासं झालेलं. उजेडापुढे काही मोठं उभं असेल तर त्याचा आकार तेवढा कळायचा. आज मोतीबिंदू काढून माणूस संध्याकाळी घरी कांदाभजी खायला मोकळा होतो. तेव्हा तो जुगारच होता. आमच्या वाडीतलाच एकजण मुंबईला डोळा दाखवायला गेला होता आणि तो डोळा कायमचा मिटून परत आला होता. मामंजींना ते ठाऊक होतं. पण तोंडातून भीतीचा एक शब्द निघेल तर शपथ.

भाऊच्या धक्क्यावर ते उतरले ते नारळ, सोलं, कुळथाचं पीठ आणि खाजं यांच्या बोचक्यांसकट. मालवणी माणूस मुंबईला येतो तो काही एका घरी येत नाही. गावचे जेवढे चाकरमानी मुंबईत पोटासाठी राहतात, तेवढी घरं त्याला पालथी घालावी लागतात. प्रत्येकाकडे जायचं, हातावर गावचं काहीतरी ठेवायचं, चहा घ्यायचा, कोण मेलं कोण जन्मलं ते सांगायचं. एक घर चुकलं तर तो रुसवा पुढच्या पिढीपर्यंत पोचतो. मामंजींनी लालबाग, परळ, गिरगाव असं सगळं आठवडाभरात उरकलं, आणि एके दिवशी जेवताना आमच्या ह्यांना म्हणाले, "सगळे सोयरे भेटले. आता माडाचे रवले."

ह्यांचा घास हातातच राहिला. मामंजींनी मग सावकाश उलगडून सांगितलं. बोटीवरच्या खलाशांकडून आणि गावी येणाऱ्या चाकरमान्यांकडून त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं, की मुंबईत माडाच्या जातीची पण माड नव्हेत अशी झाडं आहेत, साहेबांनी कुठल्या कुठल्या मुलखांतून आणून लावलेली. कुणाला नारळच येत नाही, कुणाचं एकेक पान माणसाएवढं, कुणी तर जन्मभर कुंडीत राहतो. "आयुष्य माडांबरोबर गेला," ते म्हणाले. "तेंचे सोयरे हंय येवन रवलेहत, आणि मी तेंका भेटल्याशिवाय डोळो कापून घेव? उघडलो तर उघडलो, नाय तर नाय. आधी बघून घेतंय." ह्यांना ऑफिसातून रजा मिळणं शक्यच नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. सासऱ्यांशी धड दोन वाक्यं न बोललेल्या सुनेवर त्यांना माडाचे सोयरे दाखवायची कामगिरी आली ती अशी.

त्यात आणखी एक गोम होती. मला तेव्हा चौथा महिना लागत होता. ही गोष्ट मामंजींना सांगायची कुणी, यावर आमची रोज कुजबुज चाले. हे म्हणत, तू सांग. मी म्हणे, सासऱ्यांना असलं मी कसं सांगू? आणि बापाला सांगायची ह्यांना लाज. सासूबाई असत्या तर प्रश्नच नव्हता. शेवटी ह्यांनी तोडगा काढला, की गावी काकींना कळवू, मग त्या सांगतील. काकी गावी आणि मामंजी मुंबईत, तेव्हा हा तोडगा किती कामाचा होता ते दिसतंच आहे. त्यांना दिसत नव्हतं आणि आम्हाला बोलवत नव्हतं.

पहिली फेरी राणीच्या बागेची. ट्रामने भायखळ्याला गेलो. लोक तिथे वाघ, हत्ती बघायला येत. वाघाने पिंजऱ्यातून डरकाळी फोडली तरी मामंजींनी मान वळवली नाही. रॉयल पामच्या रांगेपाशी मी त्यांना थांबवलं. पांढरेधोप, गुळगुळीत, मध्येच पोट सुटलेले ते खांब आणि वर टोकाला झावळ्यांचा झुबका. आकाशापुढचा तो आकार मामंजी बराच वेळ मान वर करून निरखत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी बुंध्यावर तळवा फिरवला, परगावाहून आलेल्या माणसाच्या पाठीवर फिरवावा तसा.

"हेका चुनो कोणी मारल्यान?"

मी म्हटलं, "नाही मामंजी, अंगचाच रंग आहे."

"नारळ?"

"नाही."

"सुपारी तरी?"

"काहीच नाही. नुसता शोभेचा."

त्यांनी क्षणभर विचार केला. "कापडां पांढरी, ताठ उभो, पोट सुटलला, आणि घराक धाडूक एक नारळ नाय," ते म्हणाले. "चाकरमानीच तो."

सासऱ्यासमोर मोठ्याने हसू नये हे मला बजावून पाठवलेलं होतं. पण हसू आलं ते आलं. ते ऐकून मामंजींचाही चेहरा सैल झाला आणि आमच्यातली ती रीत त्या पांढऱ्या चाकरमान्याच्या पायाशी मोडून पडली. मग त्यांनी कोपरीच्या खिशातून एक लहानशी पिशवी काढली. तिच्यात घरून आणलेलं खडेमीठ आणि राख. चिमूटभर घेऊन त्यांनी बुंध्याशी सोडली आणि म्हणाले, "सोयऱ्याकडे रित्या हातान जावचा नाय." आमच्याकडे माडाला मीठ घालतात हे मला ठाऊक होतं, पण बागेच्या रखवालदाराला ते कसं पटवायचं हे नव्हतं, म्हणून मी पदर पसरून आडोसा केला. पुढे हे माझं कामच होऊन बसलं.

त्या दिवशी बागेत आम्ही हिंडलो ते अगदी पाय दुखेपर्यंत. पंख्यासारख्या पानांचा एकजण भेटला, मी त्याचं पान खाली ओढून मामंजींच्या हातात दिलं, त्यांनी त्याच्या शिरा चाचपल्या आणि निकाल दिला, "ह्यो ताडाकडचो." एका कोपऱ्यात भेरली माड होता. माशाच्या शेपटीसारख्या त्याच्या पानांच्या फांद्या आमच्याकडे लग्नात मांडवाच्या दाराला बांधतात. तो हाताला लागल्यावर मामंजींना इतका आनंद झाला, की ते त्याच्याशीच बोलू लागले. "तू रे हंय कसो? लग्नाशिवाय खंय जाणा नाय तू, मानकरी तू, मुंबैक कधी इलंस?" दोन शाळकरी मुली थांबून बघत होत्या. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला फार मजा येत होती.

मग आम्हाला चटकच लागली. ह्यांचा डबा भरला की आम्ही बाहेर. ट्रामच्या कंडक्टरला विचार, पाववाल्याला विचार, देवळाबाहेरच्या फुलवालीला विचार. फोर्टातल्या एका बँकेच्या दाराशी कुंड्यांमधले पाम आहेत असं कळलं, तिथून दरवानाने आम्हाला हाकललं. पारशांच्या एका वसाहतीत रांगच्या रांग होती, तिथल्या म्हाताऱ्या बाईने आम्हाला आत घेऊन पाणी दिलं. इराण्याच्या हॉटेलात आरशापाशी एक मरतुकडा पाम कुंडीत उभा होता. तो बघून आम्ही निघणार, तर मामंजी खुर्चीत बसलेच. "सोयऱ्याच्या घरसून चाय घेतल्याशिवाय उठूचा नाय." म्हणून चहा, बनमस्का, आणि माझ्या पदराआडून चिमूटभर मीठ. इराण्याने गल्ल्यावरून सगळं पाहिलं आणि आणखी एक बनमस्का पाठवून दिला. मी त्याच शहरात जन्मले, वाढले. मामाच्या चाळीमागे एक ताड होता, त्याच्या सावलीत मी लहानपणभर कपडे वाळत घातले आणि मान वर करून त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ज्यांना दिसत नव्हतं त्यांच्याबरोबर हिंडताना मला माझं गाव पहिल्यांदा दिसू लागलं होतं. आईविना वाढलेल्या मुलीला कुणाचं तरी बोट धरून हिंडणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत कळलं. धरलेलं बोट वरवर माझं होतं, एवढाच फरक.

याच धामधुमीत डॉक्टरांकडेही गेलो. ते पारशी, ग्रँट रोडच्या बाजूला त्यांचं जुनं घर आणि खाली दवाखाना. दाराशी दोन मोठ्या चिनी मातीच्या कुंड्या आणि त्यांत हेच आपले सायकस. आमचा नंबर यायला वेळ होता. मामंजींनी एकाची पानं चाचपली आणि त्यांचा चेहरा बदलला. "ह्यो बारको माड आजारी आसा गो. पानां कुरकुरीत झालीहत. हेका कोण बघता काय नाय?" आजाऱ्याला चिमूट पुरत नाही. त्यांनी पिशवीतलं उरलेलं सगळं मीठ मुठीमुठीने त्या कुंडीत घातलं, बोटांनी मातीत कालवलं आणि मला नळावरून पाणी आणायला लावलं. मीही आणलं. मलाही तो माडाचाच भाऊबंद वाटत होता.

त्यानंतर आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा ऑपरेशनचा दिवस ठरलेला होता, खाट मिळालेली होती. दाराशीच आरडाओरडा ऐकू आला. कुंडीतल्या मातीवर पांढरा थर आला होता आणि मधले कोवळे कोंब काळे पडले होते. डॉक्टर माळ्यावर बरसत होते. "मीठ! कुंडीत मीठ कोणी टाकला? हा काय पाम हाय? दिसतो तसा, पण पाम नाय हा. पामच्या पण अगोदरपासून जमिनीवर हाय. माझा बाप लावून गेला हा झाड, समजला?" माळी बिचारा देवाच्या शपथा घेत होता. मामंजींनी माझा हात घट्ट धरला.

"माड नाय तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही म्हणतात, मामंजी."

"सोयरोय नाय?"

"नाही."

ते तसेच मागे वळले. संध्याकाळी ह्यांना म्हणाले, "माका डोळो कापून घेवचो नाय. पुढच्या बोटीन जातंय."

ह्यांना वाटलं, म्हातारा घाबरला. ह्यांनी बापापुढे कधी नव्हे तो आवाज चढवला. मोतीबिंदू पिकून फुटला तर पुढे कुठल्याच डॉक्टरला काही करता येणार नव्हतं, आणि खाट सोडली तर पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता. हे सगळं खरं होतं. मग मी मिठाची हकिगत सांगितली. ह्यांना हसू फुटलं. "अहो बाबा, डॉक्टरांना थोडंच कळणार आहे कुणी घातलं ते?"

"माका कळता मा," मामंजी म्हणाले. "ज्याच्या बापसाचा झाड मी मारलंय, तेच्याच हातात डोळो कसो देव? आणि माझ्या वाटणीच्यो शिव्यो त्या माळयान खाल्ल्यान."

मला फार वाईट वाटलं. चिडचिडही झाली; एवढा डोळ्यांचा प्रश्न, आणि माणूस एका कुंडीपायी आंधळा व्हायला तयार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी आपणच उठून, अंघोळ करून, टोपी घालून दारात उभे राहिले. हातात घरून आणलेल्यांपैकी शेवटचा नारळ. "चल गो चेडवा," ते म्हणाले. "गाराणा घालूक व्हया."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडची देवाशी बोलायची रीत. चूक झाली, संकट आलं, शुभकार्य निघालं की गावातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. तो होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. हे देवळात ठीक. ग्रँट रोडला, पारशाच्या दारात, दवाखाना उघडायच्या आधी, मामंजींनी वहाणा काढल्या, कुंडीपुढे नारळ ठेवला आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, तू कोण, खंयचो, माका ठावक नाय. मी तुका माड समाजलंय."

आणि ते थांबले. रस्त्यावरून दूधवाला चालला होता, अग्यारीला निघालेल्या दोन बायका थबकल्या होत्या. मामंजी वाट बघत उभे. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "होय म्हाराजा."

"वायट मनान मीठ घालूक नाय. सोयरो समजान घातलंय."

"होय म्हाराजा."

"ज्याणी तुका लायलो, तेच्या झिलाच्या मनात राग असात तर तो माझ्यार काढूची बुद्धी दी. त्या माळयार नको."

"होय म्हाराजा," मी म्हटलं, आणि दचकून डोळे उघडले, कारण माझ्याबरोबर आणखी आवाज आले होते. कामावर निघालेले दोघे गिरणी कामगार फुटपाथवर हात जोडून उभे होते. गाऱ्हाणं कानावर पडल्यावर आमच्या मुलखातल्या माणसाचे पाय पुढे जातील कसे?

"आणि तुका पुन्ना कोंब फुटांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही तिघे एका सुरात म्हणालो.

वरच्या गॅलरीत डॉक्टर सदऱ्यावर उभे होते. ते खाली आले आणि मला म्हणाले, "ए काय चालला हाय?" मी सगळं सांगितलं, अगदी राणीच्या बागेपासून. त्यांनी नारळाकडे पाहिलं, मग मामंजींकडे. "मीठ तुम्ही टाकला?" मामंजी म्हणाले, "होय. मीच." डॉक्टरांनी माळ्याला हाक मारली, सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "काल तुला बोललो ते चुकला माझा," आणि बादल्या आणायला सांगितल्या.

ती सकाळ मी विसरणं शक्य नाही. माळी कुंडीत वरून पाणी ओतत होता, खालच्या भोकातून ते वाहत होतं आणि मामंजी जमिनीवर उकिडवे बसून त्या पाण्यात बोट बुडवून चाटून बघत होते. "अजून खारा." पुन्हा बादली. "खारा." डॉक्टरांनीही वाकून बोट बुडवलं, चाखलं आणि तोंड वाकडं केलं. दवाखान्यात जमलेले रोगी डोळ्यांवरच्या पट्ट्या सारून बघायला बाहेर आले. उन्हं चढेपर्यंत हे चाललं होतं. शेवटी मामंजींनी जीभ टाळ्याला लावली, थोडं थांबले आणि म्हणाले, "आता गोडा." डॉक्टरांनी रुमालाने हात पुसले. "परवा सकाळी या. उपाशीपोटी."

परतताना ट्राममध्ये मामंजी म्हणाले, "सोयरो नाय तर नाय. पण तेच्या दारात माणूस गावलो."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. डॉक्टर रोज आले की आधी कुंडीची बातमी सांगायचे, मग डोळा बघायचे. जुनी पानं गळाली, पण मधून मऊ, गुंडाळलेली नवी पानं वर आली आहेत, हे त्यांनी सांगितलं त्या दिवशी मामंजी हसले आणि नर्सची बोलणी खाल्ली. मग काही आठवडे डोळ्यावर हिरवी झापड, आणि मग चष्मा. चष्मेवाल्याकडे हे त्यांना घेऊन गेले. तिथे मामंजींनी भिंतीवरची अक्षरं धडाधड वाचली, चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी कोपरीच्या खिशात घातली. "घराकडे गेल्यार घालीन. पयले माझे माड बघूचे आसत." ह्यांनी कपाळाला हात लावला, पण म्हाताऱ्याचा हट्ट तो हट्ट.

पावसाआधी बोटी बंद होतात, म्हणून वैशाखातच आम्ही निघालो. माझं बाळंतपण काकींकडे करायचं ठरलं होतं. मामंजींना मात्र एवढंच सांगितलेलं, की सून तुमच्या सोबतीला येते आहे. मालवणला बोट बाहेर उभी राहिली, पडावातून किनाऱ्याला लागलो आणि बैलगाडीने वाडीशी पोचलो. तिथे काकी, शेजारीपाजारी, नारळ काढणारा पाडेली, सगळे जमलेले. मामंजी गाडीतून उतरले, डबी काढली, काचा पंचाने पुसल्या. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या आणि माडांकडे बघू लागलो, जणू तेच आम्हाला पहिल्यांदा दिसणार होते. मामंजींनी चष्मा घातला.

त्या जाड काचांतून सगळं जग एकदम अंगावर येतं म्हणतात. त्यांचा तोल गेला आणि मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी वर पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. काचेमागचा त्यांचा डोळा घारा होता. मलाही ते तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा चेहरा सावकाश पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मग नजर खाली गेली. मी पदर पुढे ओढला, पण आता पदराने झाकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. काकी उगीचच खाकरल्या.

"कितवो?" मामंजींनी काकींना विचारलं.

"सातवो."

ते मनाशी काहीतरी जुळवत उभे राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हंजे राणीच्या बागेत आमी दोगां नाय होतो गो. तिगां होतो."

डोळ्यांतून पाणी काढायचं नाही ही डॉक्टरांची ताकीद त्यांनी पाळली. मला कुणी ताकीद दिलेली नव्हती. माडांकडे त्यांनी पाहिलं ते संध्याकाळी, माझ्यासाठी शहाळं काढून घेताना.

ती तिसरी आता साठी ओलांडून गेली आहे. मुंबईतल्या ट्राम गेल्या, डॉक्टर गेले, मामंजीही बरीच वर्षं तो एक डोळा मिरवून गेले. दुसरा डोळा त्यांनी काढून घेतलाच नाही. जेवढं बघायचं होतं तेवढं झालं म्हणायचे. त्या एका दुपारीखेरीज त्यांनी मला असं रोखून पुन्हा कधी पाहिलं नाही, सासऱ्याची रीत ती त्यांनी पुन्हा उचलून जागेवर ठेवली. पण एवढ्या मोठ्या आयुष्यात, माणसांच्या गर्दीत आणि आता या एकटेपणातही, आपल्याला कुणी पाहिलंच नाही असं मला कधी वाटलं नाही.